बडीशेपेच्या ताटलीत किती ठेवायचे?

हॉटेलात कुटुंबासह जेवायला गेले की सगळ्यांत अवघड गोष्ट शेवटी येते. बिल भरणे नव्हे. आकडा छापलेला असतो, तो चुकता केला की संपले. अवघड असतात ती त्यानंतरची दोन मिनिटे. बडीशेप-खडीसाखरेच्या ताटलीतून सुटे पैसे परत येतात, वेटर दोन पावले मागे सरून छताच्या पंख्याकडे बघत उभा राहतो, आणि टेबलावरची चार माणसे एकमेकांशी डोळ्यांनीच भांडू लागतात. एकाच्या भुवया म्हणतात, ‘एवढे कशाला?’ दुसऱ्याच्या म्हणतात, ‘इतकेच?’ मराठीत ‘टीप’ म्हणजे पानाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेला मजकूर. बिलाच्या तळाशी मात्र ती छापलेली नसते, म्हणूनच तिच्यावरून एवढी चुळबूळ.

आमच्या घरात या बाबतीत तीन घराणी आहेत. पहिले माझ्या वडिलांचे. दादा सरकारी कचेरीत कारकून होते. पगाराच्या दिवशी आम्हा भावंडांना मसाला डोसा खायला न्यायचे आणि उठताना ताटलीत चार आणे ठेवायचे. बिल तीन रुपये होवो की सात, चार आणे म्हणजे चार आणे. देवळात पेटीत टाकावेत तसे, वर न बघता. (पंचवीस पैशांचे ते नाणे २०११ साली चलनातून बाद झाले, तोवर दादाही राहिले नव्हते.)

दुसरे घराणे ह्यांचे. हे बँकेत होते. ह्यांचा युक्तिवाद गेली पस्तीस वर्षे बदललेला नाही. ‘‘मी तीस वर्षं काउंटरवर बसलो. चेक वेळेवर वटवला म्हणून कुणी मला दोन रुपये ठेवले का? आणि ठेवले असते तर माझी चौकशी झाली असती. वेटरला पगार मालकानं द्यायचा. पदार्थाची किंमत मी दिली, विषय संपला.’’ ह्यांना कंजूष म्हणायची सोय नाही. लग्नकार्यात, आजारपणात ह्यांचा हात सढळ असतो. हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

तिसरे घराणे मुलीचे. ती मोबाइलवरून जेवण मागवते आणि आणून देणाऱ्या मुलासाठी वीस रुपयांच्या चौकोनावर बोट टेकवते. किती, का, कशासाठी, काही नाही. ‘‘विचार कशाला करायचा, आई? वीस रुपयांत काय येतं आजकाल?’’

पुण्य, तत्त्व आणि सवय. तिघांच्या मध्ये बसून मी इतकी वर्षे हा वाद ऐकते आहे. टिप देणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे का, असा प्रश्न विचारला की तिघेही तीन टोकांना जातात. मला वाटते, उत्तर मिळत नाही याचे कारण आपण दोन निरनिराळी देणी एकाच ताटलीत ठेवतो.

एक नोट, सहा नावे

‘टिप’ हा शब्द इंग्रजीतून आला, पण कल्पना काही आपल्याला नवी नव्हती. आपल्याकडे तिच्यासाठी शब्दांची रांग आहे : बक्षीस, पोस्त, खुशाली, ओवाळणी, चहापाणी आणि शेवटी चिरीमिरी. ‘बक्षीस’ फारसीतून आले. त्यात देणारा वर बसलेला आणि घेणारा खाली उभा, हे गृहीतच. ‘पोस्त’ सणावारी दारात येऊन मागायची, शिमग्याला आणि दिवाळीला. ‘खुशाली’ आनंदाच्या बातमीची. ‘चहापाणी’ हे सगळ्यांत साळसूद नाव. त्या पैशांचा चहा कुणी पीत नाही हे दोघांनाही ठाऊक असते. आणि ‘चिरीमिरी’ म्हणताना आपला आवाज आपोआप खाली येतो.

गंमत अशी, की या सहा शब्दांमधल्या सीमा कुणी आखलेल्या नाहीत. तीच पन्नासाची नोट एका दारात बक्षीस असते, दुसऱ्या दारात पोस्त आणि तिसऱ्या टेबलाखाली चिरीमिरी.

या रांगेत न बसणारा एक जुना शब्द आहे, तो म्हणजे बलुते. गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, परीट, न्हावी वर्षभर काम करायचे आणि सुगीत खळ्यावर धान्य घ्यायचे. कागदावर ते कुणाचे उपकार नव्हते, तो कामाचा वाटा होता. पण वाट्याचे माप देणाऱ्याच्या हातात होते. ज्यांची जात खालची मानलेली, त्यांना तो हक्काचा वाटाही लांब उभे राहून, वाकून मागावा लागे. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हेच नाव दिले, ते उगीच नव्हे. त्याच्या पन्नास वर्षे आधी, १९२८ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. महार वतनदारांच्या बलुत्याचे रूपांतर रोख रकमेत व्हावे, हा त्यातला एक गाभ्याचा मुद्दा होता. ते विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. पण त्यामागचे म्हणणे आजही तितकेच खरे आहे : मोबदला ठरलेला असला की माणूस मान वर करून तो घेऊ शकतो, देणाऱ्याच्या मर्जीवर असला की मान आपोआप झुकते.

मर्जीपासून हक्कापर्यंत

मर्जीचा हक्क कसा होतो, याचा एक धडा मुंबईच्या गिरणगावात आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर गिरणीमालकांना मोठा नफा झाला. त्यातून काही वर्षे कामगारांना बोनस मिळाला. १९२३ साली नफा घटला आणि मालकांनी हात आखडता घेतला. १९२४ च्या जानेवारीत कामगार संपावर गेले. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बोनसवर कामगारांचा हक्क पोहोचत नाही, असा तिचा निष्कर्ष निघाला. दिले ती मालकाची खुशी, नाही दिले तरी तीही मालकाची खुशी. संप मोडला.

पण प्रश्न मोडला नाही. चाळीसेक वर्षांनी, १९६५ साली, बोनसचा कायदा झाला. पुढे किमान बोनस वर्षाच्या वेतनाच्या ८.३३ टक्के, म्हणजे हिशेबाने एका महिन्याचा पगार, असा ठरला. ज्या रकमेला एके काळी ‘खुशी’ म्हटले गेले, ती आता पगारपत्रकात येऊन बसली. आज कारखान्यातला कुणी दिवाळीचा बोनस घेताना ‘मालकांची कृपा’ म्हणत नाही आणि म्हणूही नये.

हॉटेलातला वेटर मात्र अजून १९२४ सालात उभा आहे. त्याच्या कमाईचा एक भाग आजही कुणाच्या तरी मनात आले तर, या सदरात मोडतो.

पगार कुणी द्यायचा?

इथे ह्यांचे तत्त्व कामाला येते. मला ते निम्मे मान्य आहे. पदार्थाच्या किमतीत तांदूळ असतो, तूप असते, गॅस असतो, जागेचे भाडे असते. मग तो पदार्थ टेबलापर्यंत आणणाऱ्या हाताचीच किंमत बाहेर का? ती मेनूकार्डावरच्या आकड्यात असली पाहिजे. हॉटेलमालकांनी गेल्या काही वर्षांत यावर एक मधला मार्ग काढला होता. बिलाच्या खाली दहा टक्के ‘सर्व्हिस चार्ज’ छापायचा. कित्येकांना तो सरकारी करच वाटायचा. केंद्र सरकारने २०१७ साली सांगितले, की हा आकार ऐच्छिक आहे. तरी तो छापला जातच होता. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या : सेवा आकार बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाने लावायचा नाही, नाकारला म्हणून ग्राहकाची अडवणूक करायची नाही. हॉटेलांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. सूचनांना आधी स्थगिती मिळाली. मग २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्या उचलून धरल्या आणि याचिका फेटाळल्या.

मालकांच्या बाजूने एक मुद्दा मांडला जातो, तो मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, टिप फक्त वेटरला मिळते. सेवा आकार आम्ही सगळ्यांत वाटतो, आत भांडी घासणाऱ्यालाही. वाटत असतील तर चांगलेच आहे. पण मग इडलीची किंमत पाच रुपयांनी वाढवून तोच पैसा पगारातच का देत नाही? तसे केले की मेनूकार्डावर भाव चढलेला दिसतो, आणि शेजारचे हॉटेल स्वस्त दिसते. खरी गोम इथे आहे. स्वस्ताईची पाटी बाहेर लावायची आणि पगाराची भर गिऱ्हाइकाच्या चांगुलपणातून घालायची.

कायद्याच्या नजरेत तर टिप पगार नाहीच. कार्डावरून दिलेली टिप हॉटेलने कर्मचाऱ्यांना वाटली तर ती ‘वेतन’ धरून मालकाने तिच्यातून प्राप्तिकर कापायचा का, असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१६ साली निकाल लागला : नाही. तो पैसा ग्राहकाने राजीखुशीने दिलेला, मालकाचा त्याच्याशी संबंध फक्त पोहोचवण्यापुरता. म्हणजे न्यायालय म्हणते हा पगार नव्हे, कामाला ठेवताना मालक सुचवतो की ‘वरचे सुटतातच’, आणि वेटरचे घर त्या दोघांच्या मधल्या फटीत चालते.

ही फट रुंदावू दिली तर काय होते, हे ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्या आईवडिलांना विचारा. न्यू जर्सीला सहा महिने राहून आलेली आमच्या शेजारची जोडी तिथल्या बर्फाबद्दल जेवढे बोलते, तेवढेच टिपेबद्दल. अठरा टक्के, वीस टक्के! कॉफीच्या दुकानातसुद्धा काउंटरवरचा पडदा वळवून समोर धरतात. आपल्याला तो उद्धटपणा वाटतो, पण त्याच्या मुळाशी हिशेब आहे. तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला फक्त २.१३ डॉलर रोख दिले तरी चालतात. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. उरलेले, तासाच्या सव्वासात डॉलरच्या किमान वेतनापर्यंतचे, टिपेतून भरून निघायचे. नाही निघाले तरच मालकाने भर घालायची. काही राज्यांनी हा आकडा वाढवला आहे, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी ही सवलतच ठेवलेली नाही. पण पुष्कळ ठिकाणी ती आहे.

या रिवाजाचा इतिहासही काही आनंदाचा नाही. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनयानांत सेवक म्हणून गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना नेमले. पगार तुटपुंजा, बाकी प्रवाशांच्या टिपेवर. म्हणजे गुलामी संपली, पण हसतमुखाने बूट पुसणे चालू राहिले. त्या सेवकांची संघटना १९२५ साली उभी राहिली, आणि कंपनीशी पहिला करार व्हायला १९३७ उजाडले.

तेव्हा अमेरिकेत टिप देणे ग्राहकाचे कर्तव्य आहे का? जिथे मजुरी अशी कापलेली आहे तिथे आहे. तिथे मेनूकार्डावरची किंमत अपुरी छापलेली असते. टिप न देणारा त्या कामगाराची मजुरी बुडवतो. आपल्याकडे अजून गाडी तिथवर गेलेली नाही. हॉटेल-कामगारांना महाराष्ट्रात किमान वेतन लागू आहे आणि त्यात टिप मिळते म्हणून सूट नाही. ते वेतन हातात किती पडते, हा प्रश्न वेगळा, पण तो विचारायचा कुणाला हे तरी स्पष्ट आहे. टिपेला कर्तव्य म्हणून मान्यता दिली तर तो प्रश्न मालकाकडून सरकून आपल्या टेबलावर येईल.

पंख्याकडे बघणारा माणूस

तत्त्व इथपर्यंत. पण तत्त्वाला पाय दुखत नाहीत, वेटरला दुखतात. आम्ही नेहमी जातो त्या उडुपी हॉटेलात एक वेटर आहेत, पन्नाशीचे. दक्षिण कन्नड जिल्ह्यातून पोरवयात आलेले. आधी मोरीत भांडी घासली, मग फडका हातात आला, मग ट्रे. मुंबईत आलेल्या त्यांच्यासारख्या कितीतरी मुलांनी दिवसा हॉटेलात राबून रात्रशाळेत धडे गिरवले. यांचे मात्र सातवीवरच थांबले. एकदा दुपारच्या सुन्या वेळेला मी त्यांना सरळच विचारले, ‘‘अण्णा, टिप किती सुटते हो?’’

ते हसले. ‘‘पगार गावाला जातो, ताई. इथला खर्च टिपेवर. दाढी, चपला, मोबाइल, औषध.’’ मग त्यांनी मला गिऱ्हाइकांचे शास्त्रच सांगितले. सगळ्यांत जास्त टिप नव्याने एकत्र फिरू लागलेली मुले-मुली देतात. सगळ्यांत कमी, लहान मुले घेऊन आलेली कुटुंबे. ‘‘खाली सांडतात मात्र तेच जास्त,’’ अण्णा म्हणाले. पण त्यांची खरी तक्रार निराळीच होती. आता ताटलीत सुटेच येत नाहीत. गल्ल्यावर चौकोनी नक्षीचा कागद चिकटवला आहे. मोबाइल त्याच्यासमोर धरला की तीनशे सत्तेचाळीस म्हणजे बरोबर तीनशे सत्तेचाळीस रुपये मालकाच्या खात्यात. वरचे तीन रुपये ‘राहू द्या’ म्हणण्याची वेळच येत नाही. यूपीआय २०१६ साली सुरू झाले, तेव्हा सुट्ट्यांची कटकट मिटली म्हणून आपण खूश झालो. ती कटकट कुणाच्या तरी चपलेचे पैसे होती.

आणखी एक गोष्ट अण्णांनी जाता जाता सांगितली. त्यांच्याकडे टिपेचा डबा असतो, रात्री मोजून सगळे वाटून घेतात, मोरीतल्या मुलालाही देतात. कित्येक ठिकाणी असे होत नाही. टिप मिळते ती आपल्याला दिसणाऱ्या माणसाला. मसाला वाटणारा, भट्टीपाशी उभा राहणारा, ताटे विसळणारा आपल्याला दिसत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला आपले औदार्य येत नाही. सकाळी सहाला रस्ता झाडणाऱ्या बाईला कुणी ताटली पुढे करत नाही. कामाच्या कष्टाशी टिपेचा संबंध कमीच. पाकिटाच्या जवळ कोण उभे आहे, त्याच्याशी जास्त. मजुरी ठरवायची ही काही पद्धत होऊ शकत नाही.

आधी की नंतर?

माझी मुलगी झाली तेव्हाची गोष्ट. प्रसूतिगृहात एक आया होती. जाडजूड, तोंडाळ, पण हात मायेचा. तिने मला जे सांभाळले ते माझ्या सख्ख्या माणसांनी सांभाळले नसते. बाळाला बघायला दादा आले, तेव्हा ती दारातच उभी राहिली. वॉर्डात दर ठरलेले होते : मुलगा झाला तर इतके, मुलगी झाली तर निम्मे. ती स्वतःच म्हणाली, ‘‘मुलगी आहे, तुम्ही पंचवीसच द्या.’’ चार आणेवाले माझे दादा. त्यांनी विचारले, ‘‘मुलगा असता तर?’’ ‘‘पन्नास.’’ दादांनी पन्नास काढून दिले आणि वर न बघता आत आले. ती खुशाली होती. तिच्याइतके स्वच्छ देणे मी क्वचित पाहिले आहे.

पण त्याच वॉर्डात माझ्या पलीकडच्या खाटेवर एक बाई होत्या. त्यांच्याकडून काही मिळणार नाही हे आयाने पहिल्याच दिवशी ओळखले होते. त्यांनी हाक मारली की ती ‘आले, आले’ म्हणायची आणि यायची नाही. भांडे मागितले तर अर्धा तास. माझ्याकडे धावत येणारे तेच हात होते. माझ्या दादांच्या पन्नास रुपयांत त्या बाईंच्या अर्ध्या तासाचाही काही भाग होता का, हा प्रश्न मला आजही सुटलेला नाही.

त्या वॉर्डात मला एक कसोटी मात्र सापडली. काम झाल्यावर, मागितल्याशिवाय, आनंदाने दिले ते बक्षीस. काम होण्याआधी, नाहीतर होणार नाही या भीतीने दिले ती चिरीमिरी; मग तिला चहापाणी म्हणा की टिप.

ही कसोटी घेऊन दाराशी उभे राहिले की बरेच उलगडते. आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही. गॅसचे भरलेले सिलिंडर तीस किलोंच्या घरात जाते. ते खांद्यावर घेऊन तीन मजले चढून आलेला माणूस वर ‘काही’ मागतो. हे नियमावर बोट ठेवतात, आणि नियम ह्यांच्या बाजूचा आहे : घरपोच आणण्याचा आकार किमतीतच धरलेला असतो, तुम्ही स्वतः गोदामातून आणलेत तर तेवढे पैसे कमी होतात. तरीही घामाने निथळणाऱ्या त्या माणसाला मी पाण्याबरोबर वीस-तीस रुपये देते. तो माझा आनंद. पण तळमजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजींनी दिले नाहीत म्हणून पुढच्या वेळी त्यांचा नंबर मागे गेला, तेव्हा मी ह्यांच्याबरोबर तक्रारीच्या अर्जावर सही केली. यात विसंगती आहे असे मला वाटत नाही.

ही कसोटी किती जुनी आणि किती ताजी आहे, ते २०२५ च्या मे महिन्यात दिसले. टॅक्सी बोलावण्याच्या अॅपवर गाडी मिळण्याआधीच टिप विचारू लागले. दिलीत तर गाडी लवकर मिळण्याचा संभव. ‘अॅडव्हान्स टिप’ असे नाव. केंद्रीय ग्राहक व्यवहारमंत्री प्रल्हाद जोशी यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला आणि प्राधिकरणाने उबर कंपनीला नोटीस धाडली. आगाऊ बक्षीस! मराठीत त्याला आधीपासून शब्द आहे, आणि तो म्हणताना आवाज खाली येतो.

मुलीच्या वीस रुपयांचे काय? पावसात भिजत आलेल्या मुलाला ते द्यावेत, जरूर द्यावेत. पण ते दिले की त्याचे देणे फिटले असे समजू नये. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार अशी अॅपवरची आणि तत्सम सुटी कामे करणारे २०२०-२१ मध्ये ७७ लाख लोक होते, आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. त्यांच्यासाठी राजस्थानने २०२३ साली कायदा केला, कर्नाटकाने २०२५ साली. हा मुलगा घसरून पडला तर दवाखान्याचे बिल कोण भरणार, या प्रश्नाचे उत्तर वीस रुपयांच्या चौकोनात नाही. तिथे कायदाच लागतो, आणि त्यासाठी आवाज उठवणे हेही ग्राहकाचे काम आहे.

दिवाळीची यादी

मग माझे म्हणणे काय? दोन देणी वेगळी करायची. मजुरी हे एक देणे. ते पूर्ण, वेळेवर, ठरलेले असावे आणि जो कामाला ठेवतो त्याने ते द्यावे. घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईंचे मालक आपणच असतो, तेव्हा त्यांचा दिवाळीचा एक पगार ही आपली खुशी नसते, त्यांचा बोनस असतो. साडी देऊन त्यातून सुटका नाही. दुसरे देणे आनंदाचे. त्याला आकडा नाही, सक्ती नाही, आणि त्याच्या बदल्यात सलामाची अपेक्षाही नाही. हॉटेलात मी दहाच्या-वीसच्या नोटा वेगळ्या ठेवते, बिल मोबाइलवर भरले तरी वेटरच्या हातात देते, ‘थँक यू’ म्हणून. ज्या दिवशी पर्समध्ये नसतात, त्या दिवशी मान खाली घालून निघत नाही.

परवाच्या वर्षी हाच विचार मी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मांडला. आमच्याकडे वॉचमन आणि जिने झाडणाऱ्या बाई सोसायटीने थेट ठेवलेल्या आहेत. दिवाळीत दोघेही एकेका दारात पोस्त मागत फिरतात. कुणी शंभर देतो, कुणी वीस, कुणी आतूनच ‘नंतर या’ म्हणतो. मी सुचवले, की दारोदारची ही फेरी बंद करू. एक पगार बोनस म्हणून सोसायटीच्या खर्चात धरू, महिन्याला प्रत्येकाला थोडेच जड जाईल. पैशाला फारसा कुणाचा विरोध नव्हता. विरोध आला तो भलत्याच बाजूने. पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ, सज्जन, दरवर्षी पाचशेची नोट देणारे, उठून म्हणाले, ‘‘असं हक्कानं मिळायला लागलं, तर मग ते आपलं ऐकणार कशाला?’’

सभा क्षणभर गप्प झाली. टिपेच्या प्रश्नावर आमच्या घरात पस्तीस वर्षे जे कुणी बोलले नव्हते, ते त्यांनी एका वाक्यात बोलून टाकले होते. ठरावाला अनुमोदन द्यायला ह्यांचा हात वर गेला. दोन मतांनी ठराव मंजूर झाला.

त्यानंतर दोन दिवाळ्या झाल्या. जिने झाडणाऱ्या बाई आता पोस्त मागायला दारात येत नाहीत; भाऊबीजेला फराळ घ्यायला येतात, घटकाभर बसतात, सुनेच्या तक्रारी सांगतात. जिने पूर्वीइतकेच स्वच्छ आहेत. वॉचमनही पूर्वीइतकाच झोपतो.